एक जूनचा जन्म

अण्णांचा सत्कार शनिवारी आणि अण्णांची रवानगी सोमवारी, हे वेळापत्रक मंजुषाने केलं होतं आणि त्यात खटकण्यासारखं काही आहे असं तिला अजिबात वाटलं नव्हतं. नणंद शॉमबर्गहून विमानाने येणारच आहे, तर दोन्ही कामं एकाच विकेंडला उरकावीत. शनिवारी दुपारी परदेशातल्या त्यांच्या गावी, कॅरीतल्या कम्युनिटी हॉलमध्ये सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन, दीडशे पानं. सोमवारी सकाळी दहा वाजता त्याच सासऱ्यांना ‘मॅग्नोलिया टेरेस’मध्ये पोचवायचं. तिथे स्मरण गेलेल्या म्हाताऱ्यांना ठेवतात आणि दाराला आकड्यांचं कुलूप असतं. मंजुषा त्या जागेचं वर्णन ‘रिसॉर्टच आहे गं अगदी’ असं करायची. मग तू जाऊन राहा चार दिवस, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

पूजा सांगायला सत्यजित गुरुजी होते. गुरुजी आठवडाभर एका कंपनीचा डेटाबेस सांभाळायचे आणि शनिवार-रविवार देवांना. त्यांनी महिन्यापूर्वीच चाचरत सांगून पाहिलं होतं, “वहिनी, अधिक महिना आहे. यात असलं काही करत नाहीत.”

“गुरुजी, हॉल सप्टेंबरपर्यंत मिळत नाहीये. तुम्ही शॉर्टमध्ये करा ना.”

अधिक महिना शॉर्टमध्ये कसा करायचा हे गुरुजींना कुठल्या पोथीत सापडलं देव जाणे, पण ते वेळेवर आले. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं होतं. हॉलमध्ये ज्योत चालत नाही, म्हणून मंजुषाने बॅटरीचे दिवे मागवले होते आणि तिची सतरा वर्षांची इशिता ते एकेक चालू करून ताटात मांडत होती.

“मॉम, नाइन ऑफ दीज आर डेड.”

“राहू दे. कोण मोजतंय?”

मंजुषा खरंच थकली होती, हे मात्र मान्य करायला हवं. दोन वर्षं अण्णा तिच्या घरात होते. जानेवारीत ते बिनकोटाचे बाहेर पडले आणि दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये सापडले. गॅस उघडा टाकून झाला होता. अंथरूण तर रोजचंच. एवढं करूनही आपण वाईट ठरू नये म्हणून तिला फोटो हवे होते, दीडशे माणसांच्या देखत सासऱ्यांना पेढा भरवतानाचे. त्यासाठी तर हा सगळा घाट.

एकच अडचण होती. अण्णा धोतर नेसवायला आसावरीशिवाय कुणाला हात लावू देत नव्हते.

आसावरी म्हणजे अण्णांच्या धाकट्याची, शंतनूची, घटस्फोटित बायको. शंतनू सहा वर्षांपूर्वी नोकरीबरोबर प्लेनोला गेला आणि बायकोला इथेच सोडून गेला. ती जवळच मॉरिसव्हिलला भाड्याच्या घरात राहायची, लॅबमध्ये नोकरी करायची आणि मंगळवारी, गुरुवारी कामावरून थेट अण्णांकडे यायची. नातं संपलेलं, कागदावर सही झालेली, तरी ही येते म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं मंजुषाचं मत होतं. काय हवं असेल ते तिला दोन वर्षांत शोधता आलं नव्हतं. आजचं आमंत्रण आसावरीला नव्हतं. तिला फक्त ‘तीनला ये, धोतर नेसवायचंय’ असा मेसेज होता.

---

मंजुषाचा नवरा विनय वडलांना न्यायला हॉलच्या मागच्या खोलीशी आला तेव्हा दार अर्धवट उघडं होतं.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. धोतर, कोट, टोपी, सगळं जागच्या जागी. मांडीवर दोनशे पानी वही. समोर खाली जमिनीवर आसावरी मांडी घालून बसली होती, नोकरीच्याच कपड्यांत.

“उईके देवाजी?”

“हजर.”

“ढोणे मंदा?”

“हजर.”

“लोखंडे वसंता? वसंता! बैलं चारायले गेला काय?”

“हजर, गुरुजी. आत्ताच आला.”

अण्णा वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत छत्तीस वर्षं मास्तर होते, त्यातली चौदा मुख्याध्यापक. आता मुलांची नावं विसरले होते, बायको गेल्याचं विसरले होते, पण पहिलीच्या कुठल्याशा वर्गाची चाळीस नावं त्यांना क्रमाने पाठ होती. आसावरीने ती एका वहीत उतरवून घेतली होती. दर मंगळवारी आणि गुरुवारी ती चाळीस वेळा ‘हजर’ म्हणायची. मधलं एखादं नाव चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

घरात याला ‘शाळा-शाळा’ म्हणत. विनयला ते लाजिरवाणं वाटायचं. औषधांच्या कंपनीत दोनशे माणसं हाताखाली असलेल्या माणसाला आपला बाप जमिनीवर बसलेल्या बाईची हजेरी घेताना पाहवत नाही. आसावरीऐवजी आपण तिथे का बसलेलो नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. त्याच्या कॅलेंडरमध्ये तेवढी जागाच नसायची.

“झालं का?” त्याने दारातून विचारलं. “गुरुजी थांबलेत.”

“अजून अकरा नावं आहेत, दादा.”

“नंतर घ्या.”

“नंतर पहिल्यापासून घ्यावी लागतील,” आसावरी म्हणाली. पण उठली. अण्णांनी वही बगलेत मारली आणि कुणी नवीन तपासनीस आला असावा अशा अदबीने विनयला नमस्कार केला.

---

शरयू पहिल्या रांगेत बसली होती आणि तिला सगळ्यांचाच तिटकारा आला होता. हॉलच्या छताला टांगलेल्या चंदेरी कागदाच्या चंद्राचा, भावाच्या जरीच्या उपरण्याचा, वहिनीच्या नथीचा, आणि स्टॅंडवर उभ्या केलेल्या आयपॅडचा, ज्यात प्लेनोहून तिचा धाकटा भाऊ शंतनू हजर होता. त्याने वर कुडता घातला होता. खाली काय असेल याचा अंदाज तिला होता.

शरयू शॉमबर्गला विमा कंपनीत होती. माणसं किती जगतील याचे आकडे मांडणं हे तिचं काम. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि अण्णांना वर्षातून दोनदा येऊन भेटली. तीन आठवड्यांपूर्वी विनयची मेल आली होती: मॅग्नोलियाची बाई घरी येऊन प्रश्न विचारून गेली. ‘अण्णांना स्वतःचा वाढदिवससुद्धा सांगता आला नाही. लाकडाच्या बैलांबद्दल बोलत बसले. इट्स टाइम.’ शरयूने ते वाक्य दोनदा वाचलं आणि ‘ओके’ लिहून पाठवलं. स्वतःचा वाढदिवस विसरलेल्या माणसाला घर कुठलं हे काय कळणार, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

गुरुजी संकल्प सांगायला लागले. “यजमानांची जन्मतिथी?”

“एक जून एकोणीसशे पंचेचाळीस,” विनय म्हणाला. “तिथी बघतो, थांबा.” त्याने फोन काढला, तारीख टाकली, आणि फोनने क्षणात वैशाखातली तिथी काढून दिली. गुरुजींनी ती म्हणायला तोंड उघडलं.

“काहून बाप्पा,” अण्णा मोठ्याने म्हणाले, “एक जूनले कोणी जन्मते काय?”

माइक चालू होता. हॉल हसला.

“एक जून त ढोबळे मास्तरांनी लिहिला. मी तान्ह्या पोळ्याचा.”

हॉल आणखी हसला, कुणी टाळ्या वाजवल्या. विनयने माइकवर हात ठेवत पाहुण्यांना सांगितलं, “सॉरी हं. आज मूडमध्ये आहेत.” आयपॅडमधून शंतनू म्हणाला, “सो क्यूट, यार.” मंजुषाने गुरुजींना हातानेच ‘चालू ठेवा’ केलं आणि बहात्तर दिव्यांचं ताट पुढे आलं.

तान्हा पोळा. शरयूच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. नागपूरकडची माणसं असून आम्ही हे विसरलो? पोळ्याला खरे बैल, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, दोरी बांधून ओढायचे लाकडी बैल.

लाकडाचे बैल.

औक्षण चालू असतानाच ती उठली. मंजुषाने डोळे वटारले. शरयूने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे तिला लहानपणापासून जमायचं. शेवटच्या रांगेत आसावरी एकटी बसली होती.

“ढोबळे मास्तर कोण?” शरयूने विचारलं.

“अण्णांचे पहिलीचे मास्तर.” आसावरीला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. “अण्णांना पाचही पूर्ण नव्हती. घरात सांभाळायला कुणी नाही म्हणून आजोबांनी शाळेत आणून बसवलं. वय भरत नव्हतं, म्हणून मास्तरांनी एक जून लिहिला आणि वर्षही मागचं टाकलं. तेच दाखल्यावर, मग पासपोर्टवर. खरे जन्मले सेहेचाळीसच्या तान्ह्या पोळ्याला. अण्णा म्हणतात, पुढे मीही अर्ध्या गावाला एक जूनला जन्माला घातलं. ताई, तुम्हाला हे माहीत असेलच ना?”

ताईला माहीत असायला हवं होतं. तान्ह्या पोळ्याला आई पाट मांडायची, अण्णांना बसवायची, ओवाळायची आणि शेवयांची खीर करायची. मुलांना वाटायचं, हे बैलांसाठीच. विनय तर आपला लाकडी बैलही अण्णांच्या शेजारी पाटावर ठेवायचा आणि आई हसत दोघांनाही कुंकू लावायची. अण्णांना अजून आठवत होतं. विसरली होती तिघं पोरं, धडधाकट डोक्याची.

“तू बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलू? मॅग्नोलियाची बाई आली तो बुधवार होता. माझा वार नव्हता.”

---

पेढे भरवून झाले, फोटो झाले, माणसं पानांवर बसली. हॉलच्या स्वयंपाकघरात मंजुषा श्रीखंडाचे डबे उघडत असताना शरयू विनयच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन आली. दुसऱ्या हातात आयपॅड होता.

“अरे, मला कुठे नेताय?” शंतनू म्हणाला.

“गप. विनय, त्या बाईने अण्णांना वाढदिवस विचारला तेव्हा ते नक्की काय म्हणाले?”

“आता हे काय काढलंस? बाहेर लोक जेवतायत.”

“काय म्हणाले?”

“तान्हा पोळा म्हणाले. मग ते बैल, रंगवलेले, दोरीने ओढायचे. तेच.”

“आणि तू तिला काय सांगितलंस?”

“ही इज टॉकिंग अबाउट टॉय बुल्स. मग काय सांगणार होतो? तान्ह्या पोळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“काही म्हणत नाहीत. बापाला विचारायचं असतं. आई त्या दिवशी त्यांना पाटावर बसवायची. तुझा बैल शेजारी असायचा, पिवळ्या शिंगांचा. तोच त्यांचा वाढदिवस, गाढवा. त्यांनी बरोबर उत्तर दिलं आणि तू नापास केलंस. मी तुझ्या त्या एका ओळीवर हो म्हटलं.”

विनयचा चेहरा पडला. पिवळी शिंगं त्याला आठवली असावीत, कारण तो मागे सिंकला टेकला.

शंतनूने मात्र हार मानली नाही. “ताई, एक उत्तर बरोबर आलं म्हणून काय झालं? बाकीची वीस चुकलीच ना? बी प्रॅक्टिकल.”

“बाकीची तरी कशावरून चुकली? दुभाषी हाच होता.”

“चुकलीच,” आसावरी दारातून म्हणाली. ती अण्णांचं ताट वाढून घ्यायला आली होती. शंतनूचा आवाज ऐकून तिने आयपॅडकडे नुसतं एकदा पाहिलं, भाजी नासली की काय हे पाहावं तसं. “अण्णा खरंच विसरत चाललेत, ताई. ते मी नाकारत नाही. पण कुलूप लावलेल्या दारामागे त्यांची हजेरी कुणी घेऊ देणार नाही. तिथे भेटायला येणाऱ्यांची यादी असते. फॅमिली ओन्ली. मी त्यात नाही, मी विचारून आले.”

“नाहीसच तू फॅमिली,” मंजुषा म्हणाली. श्रीखंडाचा डबा तिने आपटून ठेवला. “आणि शरयू, आता तुझं ऐकते तसं माझंही ऐक. दोन वर्षं त्यांच्या चादरी मी धुतल्यात. पहाटे चारला दार वाजलं की मी धावलेय. तू दिवाळीला व्हिडिओ कॉल केलास आणि ‘अण्णा, फ्रेश दिसताय’ म्हणालीस. ही हजर-हजर करून सहाला घरी जाते. मला कोण विचारतं? मला वाईट ठरवायला सगळे, आणि रात्र काढायला मी एकटी. वाढदिवस चुकला, बरं, चुकला. चादर कोण बदलणार?”

यात एक शब्दही खोटा नव्हता. शरयूला वहिनीचा राग आला आणि पहिल्यांदाच थोडी दयाही आली. दया तिला झेपली नाही, म्हणून तिने रागच धरून ठेवला.

“मी बदलेन.”

“तू?” मंजुषा हसली. “तुझ्याकडे साधं मांजर टिकलं नाही.”

“मांजर स्वतःहून गेलं. विनय, सोमवारी सकाळी फोन करून मॅग्नोलिया कॅन्सल कर. अण्णा उद्या माझ्याबरोबर येतायत.”

“ताई, तुझ्याकडे जिना आहे,” शंतनू म्हणाला.

“खालच्या खोलीत माझं ऑफिस आहे, ते वर जाईल. घरूनच काम असतं माझं. दिवसा एक माणूस ठेवेन. आणि तुला अण्णांची एवढी काळजी असेल तर स्क्रीनमधून बाहेर ये.” तिने आयपॅड पालथा घालून ओट्यावर ठेवला. आतून ‘हॅलो? हॅलो?’ असं दोनदा आलं.

विनय इतका वेळ खाली बघत होता. पॉवर ऑफ अटर्नी त्याच्या नावावर होती, नाही म्हणणं त्याच्या हातात होतं. मंजुषा त्याच्याकडे पाहत होती आणि त्याने नाही म्हणावं अशीच तिची अपेक्षा होती. निदान एकदा तरी.

“किती दिवस नेतेस?” त्याने विचारलं.

शरयूने मनात मोजलं, तिचा हात यातच बसलेला. “हजार चंद्र झाले म्हणून तुम्ही आज ओवाळलंत. झालेले नाहीत. खऱ्या वयाने एक्याऐंशी पूर्ण व्हायला पंधरा पौर्णिमा बाकी आहेत. तेवढ्या माझ्याकडे. मग खऱ्या दिवशी, खऱ्या दिव्यांनी ओवाळू. पुढचं तेव्हा बघू.”

“सोमवारी करतो फोन,” विनय म्हणाला. मंजुषाने तोंड फिरवलं आणि वाट्यांमध्ये श्रीखंड घालायला लागली. पण तिचे खांदे खाली आले, ते शरयूने पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती सोमवारी मोकळी होणार होती आणि वाईटही ठरणार नव्हती.

---

साडेसातला पार्किंगमध्ये ऊन अजून होतं. आजची रात्र शरयूच्या हॉटेलात आणि उद्या विमान, म्हणून अण्णा तिच्या भाड्याच्या गाडीत पुढे बसले होते, टोपी मांडीवर. आसावरीने औषधांची पिशवी मागे ठेवली आणि कुठली गोळी कधी ते दोनदा सांगितलं.

“ताई, एक विचारू? हे तुम्ही मायेने करताय की रागाने?”

“रागाने. वहिनीच्या, विनयच्या. माझ्या स्वतःच्याही.”

“राग किती दिवस पुरेल?”

“माझा पुरतो,” शरयू म्हणाली. “आईवरचा बावीस वर्षं पुरला.” मग गाडीचं दार उघडत म्हणाली, “नाही पुरला तर तुला फोन करेन. मंगळवारी आणि गुरुवारी. तू तिकडून हजर म्हण.”

आसावरी मान हलवत राहिली. तिने खिडकीतून वाकून अण्णांच्या कोटाचं वरचं बटण सारखं केलं आणि पाठ फिरवून आपल्या गाडीकडे भराभर चालत गेली.

शरयू आत बसली. इंजिन सुरू करण्याआधी तिने अण्णांचा पट्टा लावायला हात पुढे केला. अण्णांनी तो हात अडवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे निरखून पाहिलं.

“नवीन काय?”

“हो.”

त्यांनी वही उघडली. खिशाला पेन होतंच. “नाव?”

“शरयू.”

“बापाचं नाव?”

ती तोंडात आलेलं काहीतरी खरमरीत गिळून म्हणाली, “केशव. शरयू केशव पिंपळखुटे.”

अण्णांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी वळणदार अक्षरात नाव लिहिलं, स्वतःचं नावसुद्धा, परक्याचं लिहावं तसं. “जन्मतारीख?”

“नऊ नोव्हेंबर.”

अण्णांनी बोटांवर मोजलं, मान हलवली. “वय भरत नाही, पोरी.” मग आजूबाजूला कुणी तपासनीस नाही ना याची खात्री करून त्यांनी आवाज खाली आणला. “असू दे. एक जून लिहितो. घरी कोणी सांभाळाले नसन तर इथं बसत जाय.”

शरयूने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. एक्कावन्न वर्षांची बाई, कॅरीच्या पार्किंगमध्ये, हुंदके देत रडत होती, आणि शेजारचे लोक कार्यक्रमाची तारीफ करत आपापल्या गाड्यांत बसत होते.

अण्णांनी वाट पाहिली. वर्गात रडणारी पोरं त्यांना नवी नव्हती. मग त्यांनी वही पहिल्या पानावर नेली आणि सगळी चाळीस नावं ओळीने घेतली, आणि ती रडतरडत प्रत्येकाला उत्तर देत गेली. उईके देवाजी हजर होता, ढोणे मंदा हजर होती, वसंता बैल चारून परत आला होता. शेवटी त्यांनी पेन नव्या ओळीवर ठेवलं.

“एक्केचाळीस. पिंपळखुटे शरयू?”

“हजर,” शरयू म्हणाली.